करन्यायाची परिभाषा : स्मिथपासून मिलपर्यंत

सार्वजनिक आयव्ययावरील मराठी पाठ्यपुस्तकांत ॲडम स्मिथच्या चार करतत्त्वांपैकी पहिले तत्त्व कोठे 'समता', कोठे 'समानता', तर कोठे 'न्याय' या नावाने येते. तिन्ही शब्द पर्यायवाचक मानून विद्यार्थी पुढील तत्त्वाकडे वळतो. मात्र या तीन शब्दांच्या मध्ये जे अंतर आहे, तेच अभिमत अर्थशास्त्रातील करविचाराचे खरे वादक्षेत्र आहे.

१७७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'च्या पाचव्या भागात स्मिथने हे तत्त्व मांडले. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीच्या प्रमाणात राज्याला कर द्यावा, असे तो प्रथम सांगतो, आणि लगेच एका 'म्हणजे'ने त्याचा खुलासा करतो : राज्याच्या संरक्षणाखाली प्रत्येकास जे उत्पन्न भोगावयास मिळते, त्याच्या प्रमाणात. सारा भार या 'म्हणजे'वर आहे. हे अव्यय दोन पदांचा अर्थ एकच असल्याची ग्वाही देते. येथे तर ते दोन भिन्न मापे एकत्र बांधते. ऐपत ही देणाऱ्याच्या स्थितीशी निगडित आहे, तर संरक्षण हे राज्याकडून मिळणाऱ्या लाभाशी. पुढे करशास्त्रात ज्यांना क्षमतातत्त्व आणि लाभतत्त्व म्हणून परस्परांविरुद्ध उभे करण्यात आले, ते दोन्ही स्मिथच्या एका वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात. लगोलग दिलेला दृष्टान्तही संदिग्धच आहे. मोठ्या जहागिरीतील सामाईक हिस्सेदार व्यवस्थापनाचा खर्च हिश्श्याप्रमाणे सोसतात, तसे राष्ट्रातील व्यक्तींनी सोसावे, असे तो म्हणतो. ज्याचा हिस्साच नाही, अशा मजुराचे या जहागिरीत स्थान कोणते, हा प्रश्न दृष्टान्त टाळतो.

याहून महत्त्वाची, पण पाठ्यपुस्तकांतून सहसा गळणारी गोष्ट पुढेच आहे. खंड, नफा आणि मजुरी या उत्पन्नाच्या तीन प्रकारांपैकी एकावरच अखेरीस पडणारा कर अपरिहार्यपणे विषम असतो, असे स्मिथ मान्य करतो. परंतु यापुढे आपण या विषमतेचा फारसा विचार करणार नाही, असेही बजावतो. तो तपासणार ती एखाद्या कराने त्याच प्रकारच्या उत्पन्नात निर्माण होणारी विषमता. तत्त्व उच्चारताच त्याची कक्षा आखडली जाते. दुसऱ्या, म्हणजे निश्चिततेच्या, तत्त्वाच्या विवेचनात तर थोडीशी अनिश्चितता ही पुष्कळशा विषमतेहून अधिक घातक असल्याचा निर्वाळा तो देतो. करवसुलीदाराची मनमानी डोळ्यांसमोर असलेल्या लेखकास हे साहजिकच होते. पण मग चार तत्त्वांत समतेस अग्रपूजेचा मान कशासाठी, हे समजणे कठीण जाते.

तथापि स्मिथचा न्यायविचार त्याच्या सूत्रापेक्षा त्याच्या उदाहरणांत अधिक सकस आहे. घरभाड्यावरील कराची चर्चा पाहावी. गरिबाचा मुख्य खर्च अन्नाचा; श्रीमंताचा मुख्य खर्च चैनीचा आणि मिरवण्याचा, आणि भव्य वाडा हे त्या मिरवण्याचे उत्तम साधन. म्हणून असा कर श्रीमंतांवर अधिक जड पडेल, आणि त्यांनी उत्पन्नाच्या प्रमाणाहून काहीसे अधिक दिले तर त्यात फारसे गैर काही नाही, असे स्मिथ म्हणतो. येथे प्रमाणाचे सूत्र त्यानेच मोडले आहे. टीकाकारांनी यास विसंगती म्हटले तरी चालेल. पण सूत्र वाचून उदाहरणे वगळणाऱ्या अध्यापनाचा दोष स्मिथच्या माथी मारता येणार नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ साली ही गाठ सोडवली. संरक्षणाच्या मापाने कर घ्यावयाचा, तर राज्याचे छत्र हरपताच ज्यांची सर्वाधिक दैना होईल, त्या दुर्बळांकडूनच सर्वाधिक घ्यावे लागेल. यास्तव लाभाचे माप त्याने टाकून दिले आणि करातील समानता म्हणजे झळ सोसण्यातील समानता, अशी नवी व्याख्या केली. मात्र येथवर येऊन तो थबकला. जीवनावश्यक गरजांपुरते उत्पन्न करमुक्त ठेवावे आणि उरलेल्यावर एकाच दराने कर घ्यावा, एवढेच त्यास मान्य होते. कमाई वाढेल तसा दर चढविणे हा उद्योग आणि काटकसर यांवरील दंड ठरेल, असे त्याचे मत. वारशाने लाभलेल्या संपत्तीवर मात्र चढता कर त्यास न्याय्य वाटे. उत्पन्न किती, या प्रश्नाशेजारी ते कसे लाभले, हा प्रश्न त्याने आणून ठेवला, हे त्याचे स्मिथच्या पुढचे पाऊल होय.

मिलच्या या तत्त्वास मराठीत 'समान त्याग' असे नाव पडले आहे. ते बदलणे इष्ट ठरेल. मराठीत त्याग हा स्वेच्छेने होतो आणि त्यास पुण्याचा वास असतो. कर तर कायद्याने घेतला जातो. मिलला अभिप्रेत आहे ती देणाऱ्यास जाणवणारी अडचण, आणि तिच्यासाठी 'तोशीस' हा घरगुती शब्द भाषेत केव्हाचाच आहे. दोन संसारांना सारखीच तोशीस लागली काय, असे विचारले की सारख्या रकमेचा भ्रम आपोआप गळतो, आणि मिलने नाकारलेला चढता दरही पुन्हा विचारार्थ पुढे येतो.