नांगरलेल्या जहाजांचीं डच रेखाटनें : शोभा कीं पुरावा?

उचगांवाहून समुद्र दूर, मध्यें सह्याद्रि आडवा. तरी करवीरच्या इतिहासास समुद्र परका नाहीं. मालवणचें आरमार करवीर राज्याचें होतें. मालवण व सिंधुदुर्ग इ. स. १८१२ च्या तहानें इंग्रजांकडे गेले. म्हणून जुन्या जहाजांचीं चित्रें संग्राहकांनीं केवळ शोभेचीं न मानतां कागदपत्रांप्रमाणें पारखावीं, असें आमचें मत आहे.

त्यासाठीं दोन डच चित्रकारांचें काम शेजारीं ठेवूं. हेंड्रिक व्हान अँथोनिसेन याचें १६५३ सालचें रंगचित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्यें आहे. ३० सप्टेंबर १६३९ रोजीं डचांनीं गोव्याच्या खाडींत तीन पोर्तुगीज गॅलियनांवर केलेला हल्ला त्यांत दाखविला आहे. डचांची वेंगुर्ल्याची वखार १६३७ ची; त्यामुळें हा विषय कोंकणच्या इतिहासास लागून आहे. परंतु हें चित्र घटनेनंतर चौदा वर्षांनीं, विजयी पक्षाच्या चित्रकारानें काढलेलें आहे. तें स्मारक होय, साक्ष नव्हे.

थोरला विलेम व्हान डी व्हेल्डे (१६११–१६९३) याचीं रेखाटनें निराळ्या जातीचीं. १६६६ च्या चार दिवसांच्या आरमारी लढाईंत हा स्वतः डच आरमाराबरोबर होता. त्याच्या रेखाटनांचा मोठा संग्रह ग्रीनिच येथें आहे. त्यांतहि नांगरलेल्या जहाजांचीं रेखाटनें विशेष विश्वसनीय, कारण उभ्या जहाजाच्या तोफांचीं भोंकें मोजण्यास व पिछाडीचें कोरीव काम उतरून घेण्यास सवड मिळते. आणि त्या कोरीव कामावरून पुष्कळदां जहाजाचें नांव ठरवितां येतें. नांगराचा दोर नाळेकडून निघालेला असून झेंडे पिछाडीकडे फडकत असले, तर जहाज वाऱ्याला तोंड देऊन उभें आहे. झेंडे नाळेकडे उडत असले, तर पाण्याच्या ओढीनें वाऱ्यावर मात केली आहे, असें समजावें.

तथापि दक्षता हवी. रेखाटनावर ओलसर कागद दाबून ठसा घेण्याची रीत या चित्रकारांत होती. अशा ठशांत डावें तें उजवें होतें. शिवाय जहाजें व्यापारास आलीं कीं नाकेबंदीस, हें रेषा सांगत नाहींत. गोव्यासमोर डच जहाजें नाकेबंदीसाठींच वर्षानुवर्षें येऊन उभीं राहत. तो हेतु पत्रव्यवहारांतूनच कळतो.

सबब, रेखाटन दप्तरांतून काढून चौकटींत बसविण्यापूर्वीं तें कोणत्या कागदांसमवेत होतें, याची टांचण अवश्य करावी. ती नसेल, तर उत्तम रेखाटनाचाहि अर्धा अर्थ गमावला, असें आम्ही समजतों.