स्टँडर्ड बदललं, ड्रायव्हरही बदलला, डिस्कचं काय?

आपण फाइल डिलीट केली तरी एसएसडीला ते आपोआप कळत नाही. 'हे ब्लॉक आता रिकामे समज' असं सांगायला ऑपरेटिंग सिस्टिम तिला ट्रिम ही कमांड पाठवते. साटा स्टँडर्डमध्ये पूर्वी ट्रिमला इतर कमांडच्या रांगेत जागा नव्हती. रांगेतल्या सगळ्या (जास्तीत जास्त 32) कमांड संपू द्यायच्या, मग एकटी ट्रिम, मग पुन्हा रांग सुरू. पालखीसाठी फर्ग्युसन रस्ता बंद ठेवतात ना, तसंच. 2011 च्या साटा 3.1 ने ट्रिमला रांगेत घेतलं आणि 2013 मध्ये लिनक्सच्या लिबएटीए ड्रायव्हरने ही 'क्यूड ट्रिम' स्वीकारली.

कागदावर काम संपलं. 'मला हे जमतं' असं सांगणारा एक बिट डिस्क देते. ड्रायव्हरने तो वाचायचा आणि नवी कमांड पाठवायची. माझा आक्षेप इथेच आहे. हा बिट म्हणजे डिस्कचा दावा, पुरावा नव्हे.

क्रुशियल एम500 सारख्या डिस्क 'हो' म्हणाल्या आणि प्रत्यक्षात अडखळल्या. मग लिबएटीएमध्ये अशा डिस्कची काळी यादी वाढत गेली. 2015 मध्ये सॅमसंगची 8 ने सुरू होणारी सगळी मॉडेल तिच्यात गेली. 860 मध्ये क्यूड ट्रिम सुधारल्याचं कंपनीने सांगितलं, म्हणून 2018 मध्ये तिला सोडलं. 2021 मध्ये तक्रारींमुळे 860 परत आत, सोबत 870 सुद्धा! शिवाय काही जुन्या एटीआय कंट्रोलरवर या डिस्कसाठी अख्खी रांगच बंद करावी लागली. म्हणजे गडबड एकट्या डिस्कची की डिस्क-कंट्रोलरच्या जोडीची, हे त्या बिटवरून कळूच शकत नाही.

यादी करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. आधी डेटा वाचला पाहिजे. पण सगळ्या नोंदी सारख्या नाहीत. एमएक्स100 च्या नोंदीत एमयू01 हे फर्मवेअर लिहिलंय, त्यामुळे नवं फर्मवेअर टाकलं की बंदी सुटते. सॅमसंगच्या नोंदी नुसत्या मॉडेलच्या नावावर आहेत. उद्या फर्मवेअर सुधारलं तरी ड्रायव्हरला ते दिसणार नाही.

म्हणून माझ्या मते अशा प्रत्येक नोंदीसोबत फर्मवेअर, कंट्रोलर आणि पुन्हा चालवून बघता येईल अशी चाचणी हवी. नाहीतर 2018 आणि 2021 सारखी आत-बाहेर चालूच राहणार.

तुमची डिस्क यादीत असली तर घाबरू नका. साधी ट्रिम चालूच असते, आणि बऱ्याच लिनक्स वितरणांत ती आठवड्यातून एकदा आपोआप होते. थोडा वेग जातो, डेटा राहतो. हा सौदा मला मान्य आहे. तो कायमचा का असावा, एवढाच प्रश्न आहे.