गुरुत्वाकर्षणाचे एक उदाहरण : उत्तर आणि आकलन

बालभारतीच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1’ या पुस्तकातील ‘गुरुत्वाकर्षण’ या प्रकरणात एक सोडवलेले उदाहरण आहे. 75 व 80 किलोग्रॅम वस्तुमानाच्या, 1 मीटर अंतरावर बसलेल्या दोन व्यक्तींमधील गुरुत्वीय बल त्यात काढले असून ते सुमारे 4 × 10⁻⁷ न्यूटन येते. पुढे बाक घर्षणरहित मानून एका व्यक्तीचा वेगही काढला आहे.

अमूर्त नियम परिचित प्रसंगात आणणारी ही निवड मार्मिक आहे. तथापि हे बल कशाच्या तुलनेत लहान, हा प्रश्न गृहपाठात बहुधा मागे पडतो. सूत्र, किमती आणि उत्तर एवढ्यावरच वही मिटते. अशा वेळी घातांकाचे ऋण चिन्ह निसटले तर उत्तर 4 कोटी न्यूटन होते आणि तरीही विद्यार्थ्यास शंका येत नाही. 75 किलोग्रॅमच्या व्यक्तीचे वजन सुमारे 735 न्यूटन, म्हणजे मूळ बलाच्या जवळजवळ 184 कोटी पट असते. ही एक तुलना केली तरी चूक तात्काळ उघड होते.

घर्षणाचेही तसेच. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील विद्यार्थ्यास खासबाग मैदान परके नाही. लाल मातीत मल्लाचा पाय रोवला जातो तो घर्षणामुळेच. घर्षणरहित बाक ही कल्पना त्या अनुभवाशी ताडून पाहिल्यासच तिचे गृहीतक म्हणून असलेले स्थान स्पष्ट होते.

म्हणून प्रत्येक उत्तराखाली त्याचा अर्थ सांगणारे एक वाक्य लिहिणे हा उदाहरण सोडविण्याचाच भाग मानला जावा आणि त्यास गुणही असावेत.