‘शून्य नंबरचा चष्मा’ : एक अर्थविचार

दृष्टिदोष नसता केवळ शोभेसाठी चष्मा वापरण्याची चाल आता गोंदियासारख्या जिल्ह्याच्या गावीही रुळली आहे. तिच्यावरील टीका बहुधा नैतिक असते : चष्मा ‘खोटा’, वापरणारा ढोंगी. भाषेच्या अंगाने पाहता हा निर्णय उतावळा ठरतो. बोलणारे या वस्तूला ‘शून्य नंबरचा’ किंवा ‘झिरो नंबरचा’ चष्मा म्हणतात. नंबर नाही असे न म्हणता, नंबर आहे आणि तो शून्य आहे, असे म्हटल्याने वस्तूचे कूळ राखले जाते. काचेची शक्ती शून्य डायॉप्टर असल्यामुळे शास्त्रदृष्ट्याही हा प्रयोग निर्दोषच आहे.

पाणिनीने लोपाची व्याख्या ‘अदर्शन’ या शब्दाने केली असून, प्रत्यय लोपला तरी तन्निमित्तक कार्य होते, अशी व्यवस्थाही लावून दिली आहे. (चष्म्याच्या चर्चेत ‘अदर्शन’ यावे, हा योगायोगच.) येथे काचेचा गुण लोपला आहे, अभ्यासूपणाची, पोक्तपणाची सूचना हे त्याचे कार्य मात्र टिकून आहे. कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी २०१४ साली स्वच्छ भारत अभियानासाठी केलेल्या बोधचिन्हात चेहराही नाही. नुसत्या चष्म्यावरून गांधीजी ओळखू येतात. अर्थात या कार्याला मर्यादा आहे. चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ असेही नाव आहे; परंतु विशीतल्या तरुणाच्या शोभेच्या चष्म्याला ते कोणी देणार नाही.

खरा भेद क्रियापदात आहे. ‘मुलीला चष्मा लागला’ येथे मुलगी चतुर्थीत आहे. ती भोगणारी आहे, आणि चष्मा एखाद्या व्याधीसारखा तिच्याकडे आला आहे. ‘मुलीने चष्मा लावला’ येथे ती कर्त्री आहे. (या ‘लावणे’त शेजारच्या हिंदीचा प्रभाव पाहण्याचा मोह टाळावा, हा प्रयोग पुण्यातही तितकाच रूढ आहे.) ‘संगणकाचा चष्मा’ या नावाने मिळणाऱ्या बिननंबरी चष्म्याला निदान एक कारण तरी चिकटवलेले असते, निळा प्रकाश गाळणाऱ्या अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो, याला २०२३ च्या कॉक्रेन समीक्षेत फारसा आधार मिळाला नाही, हा भाग वेगळा.

तेव्हा टीकेचा रोख शोभेच्या चष्म्यावर असावा, हेच विचारार्ह वाटत नाही. ‘लागलेला’ चष्मा शाळेत ‘ढापण्या’ हे नाव मिळवून देतो, आणि काही घरांत पाहुणे मुलगी पाहायला आले की तो काढून ठेवला जातो. धाकटा भाऊ शून्य नंबरची चौकट लावून त्याच बैठकीत मिरवू शकतो. त्याला कोणी हटकत नाही. वरील परिभाषेत सांगायचे तर बहिणीच्या बाबतीत लोप नंबराचा नव्हे, चष्म्याचाच झालेला असतो, आणि नंबराचे कार्य चालूच राहते : समोर बसलेल्या पाहुण्यांचे चेहरे तिला धूसर दिसतात.