छाया आणि प्रकाश : हळदणकरांच्या एका जलरंगचित्राच्या निमित्ताने

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्याच्या संग्रहातील चित्र पाहून अनेक प्रेक्षक त्याचे श्रेय राजा रविवर्मा यांस देतात. कालदृष्ट्या ही चूक उघड आहे. रविवर्मा 1906 मध्ये निवर्तले आणि हे चित्र 1945-46 च्या सुमारास रंगविले गेले. चुकीचे कारणही दूर शोधावयास नको. रविवर्म्यांचा छापखाना 1899 मध्ये मुंबईतून मुळशीस लागून असलेल्या मावळात, मळवली येथे गेला. त्याच्या शिळाछापांनी घरोघरची दृष्टी घडविली. लुगडे नेसलेली रूपवान स्त्री चित्रात दिसली की ती रविवर्म्यांचीच, हा समज त्यातूनच रूढ झाला असावा. परंतु या घोटाळ्यात चित्राचे मर्मच झाकले जाते. ते मर्म विषयात नसून छायाप्रकाशाच्या योजनेत, आणि ती योजना ज्या माध्यमात साधली त्या माध्यमात आहे.

भारतीय परंपरेने छायेचा विचार केलाच नव्हता असे नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र ‘वर्तने’चे तीन प्रकार सांगते; अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही मुख व बाहू यांची गोलाई छटांच्या चढउताराने साधलेली आढळते. मात्र ती छाया देहाच्या घडणीची आहे, एखाद्या दिव्याची नव्हे. हळदणकरांच्या चित्रात याउलट प्रकाशास निश्चित उगम आहे. स्त्रीने एका हाती दिवा धरला असून दुसऱ्या तळव्याचा ज्योतीस आडोसा केला आहे. बोटांतून लालसर प्रभा फाकते, मुख उजळते आणि भोवती उजेड क्रमाक्रमाने विरत जातो. प्रेक्षकास प्रकाश कळतो तो ज्योतीवरून नव्हे, तर तो ज्यावर पडला त्या वस्तूंवरून.

तैलरंगात चित्रकार गडद भूमीवर अखेरीस उजळ रंगाचा दाट थर चढवू शकतो. पारदर्शक जलरंगात ही सोय नाही. तेथे कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश. तो लावता येत नाही, राखावा लागतो. चित्रकाराच्या हाती असतो तो केवळ अंधार, आणि एकदा गडद झालेला भाग पूर्ववत उजळ करणे जवळजवळ अशक्यच. म्हणूनच या चित्रातील काळोख ही निव्वळ पार्श्वभूमी नसून चित्रकाराची खरी कृती होय. ज्योत जपणाऱ्या त्या स्त्रीचा हात आणि कागदाचा उजेड जपणारा चित्रकाराचा हात एकच काम करीत आहेत.

विषयाची भावुकता कोणास खटकेल, आणि शीर्षक आशय अधिकच उघड करते हा आक्षेपही रास्त आहे. तथापि या चित्रास पाश्चात्त्य वास्तववादाची केवळ कुशल नक्कल ठरविणे अन्यायाचे होईल. छटांची नक्कल करता येते. त्या कोठे थांबवाव्यात याचा विवेक उसना आणता येत नाही. चित्राचे श्रेय हळदणकरांस देणे म्हणजे या विवेकाची ओळख ठेवणे होय.