शेवटच्या प्रकरणाचा प्रश्न

लढाऊ वैमानिकाच्या आत्मकथनाकडून वाचक सहसा पराक्रमाच्या हकिगतींची अपेक्षा करतो. रिचर्ड हिलरी यांचे १९४२ साली प्रसिद्ध झालेले 'द लास्ट एनिमी' ही अपेक्षा आरंभीच मोडते. ३ सप्टेंबर १९४० रोजी त्यांचे स्पिटफायर पेटले आणि ते समुद्रात पडले, तेथून हे पुस्तक सुरू होते.

चेहरा व हात भाजलेल्या या २१ वर्षांच्या तरुणावर ईस्ट ग्रिनस्टेड येथील रुग्णालयात डॉ. आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी अनेक शस्त्रक्रिया केल्या, नव्या पापण्या घडविल्या. रुग्णालयाची ही प्रकरणे आम्हांस ग्रंथाचा गाभा वाटतात. स्वतःची चीड, अहंकार, मित्र गेल्यावर मागे उरल्याचा सल, यांतले काहीही हिलरी झाकत नाहीत.

शेवटच्या प्रकरणाविषयी मात्र आमचे समाधान होत नाही. बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखालून काढलेली एक मरणोन्मुख स्त्री त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून सहानुभूतीचे एक वाक्य बोलते आणि आत्मकेंद्री तरुणाला अवघ्या मानवजातीचा कळवळा येतो. रुग्णालयात आम्हांस भेटलेले हिलरी इतक्या सहज बदलणारे नव्हते.

पुढे अधू हातांनिशी ते पुन्हा विमानदलात गेले आणि ८ जानेवारी १९४३ रोजी रात्रीच्या प्रशिक्षण-उड्डाणात, वयाच्या २३ व्या वर्षी, सहकाऱ्यासह मृत्यू पावले. या मरणाने ते प्रकरण खरे ठरले, असे मानण्याचा मोह होतो. तो आवरावा. हौतात्म्यापुढे आपण नतमस्तक व्हावे, परंतु ग्रंथाचे मोल त्याच्या पानांवरूनच करावे. रुग्णालयाची पाने त्या कसोटीस पूर्ण उतरतात.