पाटीवरचा तमाशा

तमाशाच्या फडाची पाटी एकदा नीट वाचावी. फड मंगला बनसोडे यांचा असो, रघुवीर खेडकरांचा असो की सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या जत्रेत तंबू ठोकणारा एखादा खान्देशी असो, मालकाच्या ठसठशीत नावाखाली शब्द ठरलेले: ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’. एकाच वस्तूची दोन नावं, तीही एका ओळीत शेजारी शेजारी. पहिलं नाव सरकारी अर्जात शोभावं म्हणून, दुसरं तिकीट खपावं म्हणून. एखाद्या कलेला आपलं नाव सांगताना असं अडखळावं का लागतं, याचा शोध घेणारे बहुधा शब्दाच्या व्युत्पत्तीकडे वळतात, आणि तिथेच वाट चुकते असं मला वाटतं.

व्युत्पत्तीत खरं तर फारसं गूढ नाही. अरबीत म-श-य या धातूचा अर्थ चालणे. त्यापासून सोबतीनं चालणे, फिरणे असा शब्द झाला. फारसीत त्याला फेरफटक्याचा आणि फिरता फिरता काही पाहण्याचा अर्थ चिकटला, आणि पुढे जे पाहायचं तोच ‘तमाशा’ ठरला. हे मूळ नकोसं वाटणारे लोक ‘तम’ आणि ‘आशा’ असा विग्रह करतात. कोणी त्यात अंधाराची आस पाहतो, कोणी अंधार घालवण्याची. ही हौस व्याकरणालाही मानवत नाही. तमस् शब्दाचा विसर्ग पुढे ‘आ’ आला की गळतो आणि दोन स्वर वेगळेच राहतात. संस्कृतच्या नियमानं ‘तम आशा’ होईल, ‘तमाशा’ नव्हे. लावणीचा संबंध ‘लावण्या’शी जोडण्यामागेही हीच ओढ असावी. ‘लावणे’, म्हणजे शब्द ओळीनं लावणं किंवा शेतातली रोपं लावणं, ही घरची व्युत्पत्ती पुरेशी वाटत नाही, कारण तिला चिखल लागलेला असतो.

पण मूळ अरबी मान्य केलं म्हणून कलेचं मूळ अरबस्तानात जात नाही. हा शब्द फार हिंडला आहे. मल्याळीत ‘तमाशा’ म्हणजे विनोद, बंगालीत थट्टामस्करी, हिंदी-उर्दूत देखावा किंवा गोंधळ. उर्दू कवींनी तर अवघ्या जगालाच तमाशा ठरवलं. ठरावीक क्रमानं चालणाऱ्या, स्वतःची वाद्यं, स्वतःची पात्रं आणि स्वतःची भाषा असलेल्या एका कलेचं नाव म्हणून मात्र तो उभा राहिला तो मराठीत. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. तिच्यात तमाशाचा अर्थ नाच, गाणं, सोंग, कसरत अशा कुठल्याही करमणुकीपर्यंत पसरलेला आहे. त्यानंतर आठच वर्षांनी, १८६५मध्ये, उमाजी सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ आला. तो पहिला वग मानतात. गण, गौळण, बतावणी आणि शेवटी वग ही चौकट घट्ट होत गेली, तसा पसरट शब्दही आवळत गेला. अर्थ कोशातून फडावर आला नाही, फडावरून कोशात गेला. सोंगाड्यानं, ढोलकीवाल्यानं, तुणतुण्यावर सूर धरणाऱ्या सुरत्यानं तो घडवला.

मग या शब्दाची लाज का? परकेपणामुळे, हे उत्तर एका शब्दात खोटं पडतं, आणि तो शब्द म्हणजे ‘शाहीर’. तोही अरबीच. तरी ‘शिवशाहीर’ आणि ‘महाराष्ट्र शाहीर’ म्हणताना कोणी दचकत नाही, शाहिराला लोककवी म्हणा असा आग्रह कोणी धरला नाही. राम जोशी आणि अनंत फंदी या ब्राह्मणांच्या नावामागे तो शब्द कौतुकानं लागतो. तेव्हा डाग शब्दाच्या कुळावर नाही, तो नाचणाऱ्याच्या कुळावर आहे. फड चालवले ते महार, मांग, कोल्हाटी समाजांनी. पठ्ठे बापूराव कुलकर्णी घराण्यातले होते, आणि पवळा या नर्तकीबरोबर फडावर उभे राहिल्याची किंमत त्यांना समाजात मोजावी लागली.

यावर कोणी म्हणेल की रोजच्या बोलण्यात ‘तमाशा करू नकोस’ ही शिवीच आहे, अशा शब्दाची पाटी कलावंतानं का मिरवावी? पण ‘नाटकं करू नकोस’ हेही आपण तितक्याच रागानं म्हणतो. घरात कोणी लांबण लावली की ‘याचं कीर्तन सुरू झालं’ असंही म्हणतो. त्यावरून संगीत नाटक अकादमीनं नाव बदललं नाही, की कीर्तनकारानं वीणा खाली ठेवली नाही. व्यवसायाला प्रतिष्ठा असली की वाक्प्रचार त्याचं काही बिघडवत नाही.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. नाव बदलल्यानं खरोखर फायदा झाला आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या अडचणीच्या दिवसांत अण्णाभाऊ साठ्यांनी आपल्या तमाशाला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवले. त्याआधीच सत्यशोधकांनी आणि त्यांच्यामागून आंबेडकरी कलावंतांनी ‘जलसा’ हे नाव घेतलं. ही नामांतरं मला पटतात, कारण नावाबरोबर त्यांनी मालही बदलला. जलशात गणपतीचं नमन आणि कृष्णाची छेडछाड गेली, जोतीरावांचे आणि बाबासाहेबांचे विचार आले. नंतरचं नामांतर वेगळं. १९६५च्या ‘विच्छा माझी पुरी करा’पासून लोकनाट्य हा नाट्यगृहातला, आरामखुर्चीवर बसून पाहायचा प्रकार झाला. वसंत सबनीसांच्या लेखणीची आणि दादा कोंडक्यांच्या विनोदाची ताकद कोणी नाकारणार नाही. पण त्या वाटेनं तमाशाचा साचा शहरात आला आणि त्याचे जुने मालक बाहेर तंबूतच राहिले. त्यांच्या हाती आला तो पाटीवरचा एक जादा शब्द.

‘जॅझ’ या शब्दाची कथा या बाबतीत सख्ख्या भावासारखी आहे. १९१२-१३च्या सुमारास तो कॅलिफोर्नियातल्या वर्तमानपत्रांत आढळतो तो बेसबॉलच्या संदर्भात, जोम किंवा उसळी या अर्थानं. संगीताला तो शिकागोत १९१५च्या आसपास चिकटलेला दिसतो. पहिली जॅझ ध्वनिमुद्रिका १९१७ची, आणि ती काढणारे वादक गोरे होते. शब्दाला आफ्रिकी, फ्रेंच, अगदी चमेलीच्या अत्तराचंही मूळ लावून झालं. त्याला कामुक वासही येई, आणि ड्यूक एलिंग्टनसारख्या मोठ्या कलावंताला आपल्या संगीतावर हे लेबल नको होतं. त्याची अडचण खरी होती, कारण लेबल दुसऱ्यांनी लावलं होतं. तमाशाचं तसं नाही. इथे शब्द परक्या मुलखातून आला, पण तो अंगावर घेऊन त्याला आकार दिला तो फडकऱ्यांनीच.

सरकारलाही हे नाव शेवटी टाळता आलेलं नाही. ज्या व्यवस्थेनं तमाशावर बंदी आणली, तीच आज तमाशा महोत्सव भरवते आणि विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देते. विठाबाईंचं सगळं आयुष्य तंबूत गेलं, आणि लोकांनी त्यांना पदवी दिली ती ‘तमाशासम्राज्ञी’. आणि गावात रात्री ट्रक आला, खांब रोवायला सुरुवात झाली, की पारावरचा माणूस पाटी पुरती वाचत बसत नाही. मालकाचं नाव सापडेपर्यंतही तो थांबत नाही, एवढंच विचारतो: ‘तमासा कोणाचा?’